कातळवेणीचा अतिरिक्त कार्यभार

गावडीच्या सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळपठारावर, कातळवेणी या वनस्पतीची बावीस पदं मंजूर असून त्यांपैकी एकवीस रिक्त असल्यामुळे, एका पदाचा अतिरिक्त कार्यभार आस्थापना शाखेच्या वरिष्ठ लिपिक श्रीमती शैलजा गलांडे यांच्याकडे सोपवण्यात आला. आदेश मेच्या शेवटच्या शुक्रवारी निघाला. मसुदा शैलजानेच केला होता. नावाची जागा तिने कोरी सोडली होती, ती अधीक्षक मेस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत भरली.

"नियमात बसतं," मेस्त्री म्हणाले. "कातळवेणी आणि वरिष्ठ लिपिक, दोघांची वेतनश्रेणी एकच. कार्यभार समकक्ष पदालाच देता येतो."

"समकक्ष तर राऊळही आहेत, साहेब."

"राऊळांची मुलं लहान आहेत. पाटणकरबाईंच्या सासूबाई अंथरुणावर. तुम्हाला घरी..." मेस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला सवड आहे."

शैलजाला वाईट वाटलं. पण एकोणतीस वर्षं आस्थापना शाखेत काढलेल्या बाईला हे सांगायला नको, की वाईट वाटलं म्हणून आदेश रद्द होत नाही. तिनेच आजवर कित्येकांना ते समजावलं होतं. तिने आदेशाची प्रत सेवापुस्तकाला जोडली आणि टेबलावरचं टपाल उघडायला घेतलं.

ती मूळची माणदेशातली, म्हसवडकडची. बदलीवर कोकणात आली त्याला एकोणीस वर्षं झाली. लग्न राहून गेलं. आई सोबत होती, तीही तीन वर्षांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून भाड्याच्या दोन खोल्यांत संध्याकाळी कुलूप काढताना आतून कुणी "आलीस का" म्हणत नसे. बाकी तिचं सगळं ठीक चाललं होतं.

एकवीस पदं रिकामी कशी झाली याची फाईल चांगली चार बोटं जाड होती. कातळवेणी पावसाळ्यात कातळावरच्या उथळ खळग्यांत उगवते. उंची वीतभर. ऑगस्टच्या शेवटी तिला पांढऱ्या फुलांची बारीक वेणी येते, ती चार दिवस टिकते. मग बी धरायचं, आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की जमिनीखालच्या कांद्यात परत जायचं. कामाचं स्वरूप एवढंच. पण खात्याने तिच्या भरतीला अनुकंपा तत्त्व लावलं होतं. एक कातळवेणी गेली की तिच्या पोटचं रोप तिच्याच जागी. साठ वर्षांत बाहेरचा एकही उमेदवार घेतला गेला नाही. होता होता बावीसच्या बावीस एकाच आजीची नातवंडं झाली आणि त्यांचं बी एकमेकांना लागेनासं झालं. लागलं तर रुजेना, रुजलं तर टिकेना.

त्यात खात्याने संरक्षण म्हणून भोवती तारेचं कुंपण घातलं. गुरं आत यायची थांबली, गवत गुडघ्याच्या वर गेलं आणि कातळवेण्यांना ऊन मिळेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं पूर्वेकडचे चार खळगे चिरेखाणीत गेले.

चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. सामंतबाईंनी अहवाल दिला की हा ऱ्हास साठ टक्के वंशामुळे आणि साठ टक्के जागेमुळे झाला आहे.

"बाई, बेरीज एकशेवीस होते," मेस्त्री म्हणाले होते.

"बरोबर आहे. वीस टक्के दोन्हीकडे मोजावे लागतात. रक्त कमजोर असलं की जागा बाधते, आणि जागा वाईट असली की रक्ताची कमजोरी उघडी पडते."

मेस्त्रींनी "खाण तशी माती" असा शेरा मारून अहवाल दाखल करून घेतला. मागच्याच वर्षी घाटमाथ्यावर उरलेली एकुलती एक कातळवेणी या सड्यावर बदलीने आणली होती. तिचा वंश वेगळा, तब्येत उत्तम. पण घाटावरचं पाणी वाहून जातं, इथलं खळग्यात साचून राहतं. ती रुजू झाली, तिसऱ्या दिवशी वैद्यकीय रजेवर गेली आणि बाराव्या दिवशी कुजली. त्यानंतर वनस्पतींमधून उमेदवारच उरला नाही.

शैलजाची पडताळणी सरळ झाली. तिने वंशावळ लिहून दिली, पणजोबांपर्यंतची, आणि दाखला आला की गलांडे घराण्याचा व कातळवेणीचा सात पिढ्यांत संबंध आढळून येत नाही.

सात जूनला ती पहिल्या एसटीने गावडीला गेली. सड्यावर राखणदार भिकाजी जोगळे हजेरीपट घेऊन उभा होता. साठीचा माणूस, डोक्यावर इरलं, पायात रबरी चपला.

"तुमी रुजू व्हायला आलाव काय, बाय?"

"हो. माझी जागा कुठली?"

त्याने एक खळगा दाखवला. परातीएवढा, तळाशी चार बोटं माती. हातभर अंतरावरच्या दुसऱ्या खळग्यात दोन पानं वर आली होती. ती सड्यावरची एकमेव कायम कातळवेणी. शैलजाने चपला काढल्या, खळग्यात उभी राहिली आणि रुजू अहवालावर सही केली. वेळ पावणेदहा.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. पाऊस आडवा येई आणि सड्यावर आडोसा म्हणून काही नव्हता. माणदेशातल्या बाईला एवढं पाणी ठाऊक नाही, तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. डॉ. सामंत येऊन पाहून गेल्या आणि त्यांनी वहीत लिहिलं की उन्हाळा हिच्या रक्तात आहे, पाण्याची सवय जागेने लावली पाहिजे. भिकाजीने सागरगोटे भाजून, खोबरेल तेलात उगाळून लावायला दिलं. त्याने उतार पडला. तिसऱ्या आठवड्यात तिला मुळं फुटली. तशी नोंद झाली.

कार्यभार अतिरिक्त असल्यामुळे सव्वासहाला ती मुळं सोडवून घेई, पाय धुई आणि एसटीने घरी जाई. घरी गेली की तिला करमत नसे. पूर्वीही करमत नव्हतं, पण तेव्हा ते तिला कळलं नव्हतं. सड्यावर मात्र हातभर अंतरावर दुसरं कुणी होतं. दोन्ही खळगे खालून एका भेगेने जोडलेले होते. पाणी आधी शैलजाच्या खळग्यात भरे आणि मग तिकडे जाई. पाऊस चार दिवस थांबला तर ती जपून पाणी घेई, म्हणजे पलीकडे पोचेल. आईनंतर पहिल्यांदाच तिच्या जपून वागण्याने कुणाचं तरी काही होत होतं. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची थोडी लाजही वाटत होती.

शैलजा तिच्याशी बोलायची. राऊळ कसे चहाला टाळतात, मेस्त्री कसे "चर्चा करा" असा शेरा मारून फाईल परत पाठवतात आणि चर्चेला गेलं की जागेवर नसतात. कायम कातळवेणी काही बोलत नसे. वनस्पतीकडून उत्तराची अपेक्षा ठेवण्याइतकी शैलजा खुळी नव्हती. ऐकताना ती आपल्या बाजूला थोडी झुकते असं मात्र तिला वाटे, आणि ते वाऱ्यामुळे असणार हेही तिला कळे.

जुलैत गवत वाढलं. कायम कातळवेणीची पानं पिवळी पडायला लागली.

"शेरडं चरायची तवा ह्या येन्या सगळ्या सड्याव दिसायच्या," भिकाजी म्हणाला. "माजा बापूस सांगायचा, चार पावलं टाकलीव तर एक येनी. कुपन झाला आनि गवात माजला."

"मग हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"इचारलान कोनी?"

शैलजाने तिथेच उभ्याउभ्या टिपणी लिहिली. गवतकापणीचं काम दैनंदिन स्वरूपाचं असल्याने प्रभारींना मंजूर करता येतं, सबब चार शेळ्या रोज दोन तास आत सोडण्यास हरकत नसावी. भिकाजीने कुंपणाची तार वाकवली. आठ दिवसांत गवत घोट्यापर्यंत आलं आणि पिवळी पानं पुन्हा हिरवी झाली. एका शेळीने शैलजाची ओढणी टोकापासून निम्म्यापर्यंत खाल्ली. कातळवेणीच्या कामात थोडी चराई गृहीत धरलेली असते, त्यामुळे तिने तक्रार केली नाही.

ऑगस्टच्या वीस तारखेला डॉ. सामंत पुन्हा आल्या. त्यांनी कायम कातळवेणीच्या बुडाशी दोन बोटं घालून कांदा चाचपला.

"लसणीच्या पाकळीएवढा राहिलाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या जूनला ही वर येणार नाही. या फुलोऱ्यात बी धरलं तर धरलं."

"धरेल ना," शैलजा म्हणाली. "आता मी आहे. वंश वेगळा, जागा मानवली."

"तुम्ही प्रभारी आहात, गलांडेबाई. प्रभारींना धोरणात्मक निर्णय घेता येत नाहीत."

शैलजाला नियम पाठ होता. पानं काढणं, पाणी धरणं, वाऱ्याला वाकणं, फुलणंसुद्धा दैनंदिन कामात येतं. पराग देणं आणि घेणं हा धोरणात्मक निर्णय. पुढच्या पिढ्यांवर बंधनकारक ठरतो. त्याला कायम पदधारक लागतो. म्हणजे तिने मूळ पदावरचा हक्क सोडून कातळवेणीच्या पदावर कायमचं समावेशन मागायला हवं होतं. एकदा समावेशन झालं की परतीची तरतूद नाही.

त्या संध्याकाळी ती शेवटच्या एसटीपर्यंत सड्यावरच राहिली. एवढा मोठा निर्णय कुणाला तरी विचारून घ्यावा असं तिला फार वाटलं. पण विचारायचं कुणाला, इथेच घोडं अडलं. सकाळी तिने अर्ज लिहायला घेतला.

अर्जात नववा रकाना होता. अर्जदार कायमची वनस्पती झाल्यास ज्यांच्या रोजच्या जगण्यात फरक पडेल अशा एका व्यक्तीची ना-हरकत. शैलजाने घरमालकीणबाईंना विचारलं. त्यांनी खोल्या गणपतीआधी मोकळ्या होतील का एवढं विचारलं आणि सही करायला चष्मा शोधू लागल्या, तेव्हा शैलजानेच "राहू द्या" म्हटलं. भिकाजी म्हणाला, "माला फरक पडंल, बाय. पन राखनदाराची सही चालत न्हाय, मागं एकदा इचारलंतं." मग तिने म्हसवडला भावाला फोन लावला. जालिंदर तिच्याहून सहा वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवणारा. आयुष्यात कधी खोटी सही केली नाही म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव होतं.

"आक्का, रोजच्या जगण्यात असं लिहिलंय का?" त्याने विचारलं.

"हो. रोजच्या."

मागे शाळेची घंटा ऐकू आली.

"आपलं बोलणं दिवाळीला होतं, आन् आईच्या तिथीला. रोजचं म्हणशील तर... खोटं कसं लिहू गं? तू राग मानू नगंस."

"नाही रे. बरोबर आहे तुझं."

तिला राग आलाच नाही. नियमाने तो चुकला नव्हता. तिने फोन पर्समध्ये ठेवला, कोऱ्या रकान्यासह अर्ज घेऊन मेस्त्रींकडे गेली आणि उभी राहिली.

"निरंक लिहा," मेस्त्री म्हणाले. "त्याला कुठे अडचण आहे? उलट निरंक असलेली फाईल सगळ्यांत लवकर सुटते. हरकत घ्यायला कुणी उरतच नाही."

हा शब्द तिने आजवर हजारदा लिहिला असेल. अपघात निरंक, प्रलंबित प्रकरणं निरंक. त्या दिवशी तो लिहिताना तिला रडू आलं. मेस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं, पंखा वाढवायला सांगितला, आणि मग हळूच म्हणाले, "गलांडेबाई, तुमच्यासारखा मसुदा या कार्यालयात दुसऱ्या कुणाला जमत नाही." ते खरं होतं. पण ती ना-हरकत नव्हती.

सत्तावीस ऑगस्टला दोघींच्या कळ्या एकाच सकाळी उमलल्या. फाईल जिल्ह्याला गेलेली होती. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून विचारणा आली की अर्जदार स्त्रीलिंगी असून वनस्पतीचं फूल उभयलिंगी आहे, तरी खुलासा करावा. शैलजाने फुललेल्या अवस्थेतच खुलासा लिहिला आणि भिकाजी तो घेऊन पायी धावला. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मेस्त्री स्वतः सड्यावर आले. पॅन्टचे पाय दुमडलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आदेश. त्यांनी तो उभ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर काय करायचं असतं हे त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी दोन्ही खळग्यांना नमस्कार केला आणि निघून गेले.

त्या दिवशी सव्वासहाला शैलजाने मुळं सोडवली नाहीत. एसटी वळणावर थांबली, कंडक्टरने सवयीने दोनदा घंटा दिली आणि गाडी गेली.

चौथ्या दिवशी फुलं कडेने तपकिरी व्हायला लागली होती. सकाळभर वारा होता आणि वाऱ्यात माशा उडत नाहीत. भिकाजी कुंपणाला टेकून बसला होता. त्याने बिडीसुद्धा पेटवली नाही. अकराच्या सुमारास वारा पडला, ढग जरा बाजूला झाले आणि चरून आखूड झालेल्या गवतावरून एक बारकी मधमाशी आली. ती आधी कायम कातळवेणीवर बसली. मग शैलजावर. तिथे बराच वेळ राहिली. मग पुन्हा तिकडे गेली, आणि सड्याच्या उताराने दिसेनाशी झाली. पाऊस लगेच आला. दुपारपर्यंत दोघींची फुलं गळून पडली.

सप्टेंबरच्या अखेरीस डॉ. सामंत यांनी मोजणी केली. जुन्या कातळवेणीने नऊ बिया धरल्या, शैलजाने आठ. सगळ्या भरीव. सामंतबाईंनी त्या तळहातावर घेऊन पुन्हा मोजल्या, कारण फाईलमधली गेल्या अकरा वर्षांची भरीव बियांची नोंद शून्य होती. या खेपेला अनुकंपा तत्त्व लागू केलं नाही. नव्या धोरणाप्रमाणे सतरा बिया आयांपासून लांब, सड्याच्या दूरदूरच्या खळग्यांत नेमण्यात आल्या. पुन्हा एकाच घरातली होऊ नयेत म्हणून. शैलजाच्या खळग्यातून त्यांपैकी एकही जागा दिसत नव्हती.

ऑक्टोबर तापला. हे ऊन शैलजाच्या ओळखीचं होतं, त्याचा तिला त्रास झाला नाही. आधी जुन्या कातळवेणीची पानं वाळली. ती पूर्ण खाली जाईपर्यंत शैलजा आठ दिवस वर थांबली. मग तीही गेली. भिकाजीने हजेरीपटावर दोघींपुढे "जमिनीखाली हजर" असं लिहिलं.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी जालिंदर सड्यावर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात साडीची पिशवी. म्हसवडहून पहाटे निघाला होता आणि तीन गाड्या बदलल्या होत्या. कातळ तव्यासारखा तापलेला होता. भिकाजीने त्याला जागा दाखवली. तिथे भेगाळलेली माती होती, बाकी काही नव्हतं.

"इथं?"

"हितंच. ही तुमची भैन, आनि ही तिची शेजारीन. शेजारीन काय आता वर येनार न्हाय."

"आत ऐकू जातं का?"

"न्हाय. पाऊस पडंपत्तर काय जात न्हाय."

जालिंदर खाली बसला. गणिताच्या माणसाला बोलायचं सुचत नाही, आणि ऐकू जात नाही म्हटल्यावर बोलण्यात काही अर्थ नव्हता. तरी तो बोलला. आक्का, गेले दोन महिने रोज संध्याकाळी शाळा सुटली की तुझ्या नंबरावर फोन लावतो, तो म्हणाला. आधी सहा-सहा महिने लावत नव्हतो, आता रोज लावतो. एवढं सांगून तो ऊन उतरेपर्यंत बसून राहिला. भिकाजीने आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः सावलीला गेला.

निघताना भिकाजीने अभ्यागतांची वही पुढे केली. जालिंदरने नाव लिहिलं, गाव लिहिलं, वेळ लिहिली. भेटीचा उद्देश या रकान्यात त्याने "बहीण" असं लिहिलं आणि खाली सही केली.

तो उतार उतरून गेल्यावर भिकाजीने वही वाचली. त्याने तो शब्द एका रेघेने खोडला, वर "वनस्पती पाहणी" असं लिहिलं, आणि दुरुस्तीपुढे स्वतःची सही केली, कारण नियमाने त्या रकान्यात तेच येत होतं.